डोंगर पोखरला, उंदीरही नाही: सिलबरी टेकडीचं प्रकरण

सन २०००च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात, सिलबरी टेकडीच्या माथ्यावर एक भोक पडलं. रुंदी दोन-अडीच मीटर, आकार जवळजवळ चौकोनी, आणि डोकावलं तर दहा मीटरांहून खोल अंधार. निदानाची पहिली खूण त्या आकारातच होती. जमीन आपणहून खचते तेव्हा साधारण गोल खचते, चौकोन माणूस खणतो. आणि इथे कोणी, कधी खणलं हे कागदोपत्री ठाऊक होतं. खड्डा २२४ वर्षं जुना होता. तो त्या वर्षी फक्त वर आला.

ही टेकडी कायद्याने संरक्षित. नुसती संरक्षित नव्हे, ब्रिटनमध्ये प्राचीन वास्तूंसाठी पहिला कायदा झाला त्याच्या मूळ यादीतच तिचं नाव आहे. १९८६पासून स्टोनहेंज आणि एव्हबरीबरोबर ती जागतिक वारशातही आहे. १९७४पासून लोकांना वर चढायला बंदी, पायवाटेने उतार झिजतो म्हणून. एवढा बंदोबस्त असताना ती आतून ढासळली कशी, आणि ढासळल्यावर काय केलं, हा या प्रकरणाचा विषय.

टेकडी आणि तिच्याभोवतीचे मुडदे

टेकडी म्हटलं तरी ती निसर्गाने केलेली नाही. उंची सुमारे ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढी. पायथ्याचा व्यास १६० मीटरांच्या घरात. आत सुमारे पाच लाख टन भराव, बहुतेक सगळा खडूचा, म्हणजे नखाने ओरखडा पडेल अशा पांढऱ्या मऊ चुनखडकाचा. भोवती चर आहे, पावसाळी हिवाळ्यात तो पाण्याने भरतो. माणसाने रचलेली एवढी मोठी प्रागैतिहासिक टेकडी युरोपात दुसरी नाही.

ती पुरी झाली इ.स.पू. २४००च्या सुमारास. तेव्हा सिंधूकाठी मोहेंजोदारो भरात होतं, आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उभी राहायला अजून आठेकशे वर्षं होती. ब्रिटनमध्ये लोखंड नव्हतं, तांबं नुकतंच येऊ लागलं होतं. खणायचं हत्यार म्हणजे हरणाच्या शिंगाची कुदळ.

आता या परिसरात मृतांचे ढिगारे जागोजाग आहेत. टेकडीपासून हाकेच्या अंतरावर, रस्त्यापलीकडच्या चढावर, वेस्ट केनेटचा लांबट दफन-ढिगारा आहे. लांबी सुमारे १०० मीटर, काळ इ.स.पू. ३६५०च्या आसपासचा, आणि त्याच्या दगडी खोल्यांत किमान छत्तीस माणसांची हाडं सापडली. शेजारच्या शेतांत गोल दफन-ढिगारेही आहेत. त्यामुळे जो कोणी सिलबरीकडे पाहायचा, तो एकच हिशेब मांडायचा: एवढ्याशा ढिगाऱ्यात माणूस, तर या डोंगरात राजा. लोककथेने राजाला नावही दिलं, सिल. तो घोड्यावर बसलेल्या अवस्थेत पुरला आहे, म्हणे. सतराव्या शतकात जॉन ऑब्री या पुरावस्तूंच्या अभ्यासकाने ही कथा टिपून ठेवली, आणि १६६३मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाला टेकडीवर नेलंही. पुढे घोडाही सोन्याचा झाला. गुप्तधनाची गोष्ट कुठल्याही मुलखात अशीच वाढते, आपल्याकडच्या प्रत्येक गढीखाली हंडा असतोच की.

मुद्दा असा की टेकडी पोखरण्यामागे चोरी नव्हती. जिज्ञासा होती, फक्त तिला उत्तर आधीच ठाऊक होतं.

तीनदा पोखरली

पहिली वेळ १७७६. नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या पाठबळाने कर्नल एडवर्ड ड्रॅक्सने खाणकामगार लावले आणि माथ्यावरून सरळ खाली विहीर खणली, सुमारे अडीच मीटर चौरस, थेट तळापर्यंत. राजा सापडला नाही. माणसं निघून गेली. विहीर बुजवली ती कशी, हे कोणी विचारलं नाही, आणि २०००पर्यंत विचारायची गरजही पडली नाही.

दुसरी वेळ १८४९. त्या वर्षी पुरातत्त्व मंडळींचं संमेलन सॉल्झबरीला भरलं होतं. त्या निमित्ताने हेरफर्डच्या कॅथेड्रलचे डीन, म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू, जॉन मेरेवेदर यांच्या देखरेखीखाली पायथ्यापासून मध्याकडे आडवा बोगदा गेला. मध्याशी पोहोचल्यावर त्यांना जे दिसलं ते राजापेक्षा मोलाचं होतं: टेकडीच्या गाभ्यात गवताच्या ढेपांचा आणि चिखलमातीचा एक छोटा ढीग, त्यात शेवाळ ओळखता येण्याइतकं शाबूत. पण पुरलेलं माणूस नाही, म्हणून निराशा. काम चालू असताना विजांचा भयंकर कडकडाट झाला, तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनी त्याचा संबंध लगेच खणण्याशी जोडला. डीनसाहेबांनी ते मिश्किलपणे लिहून ठेवलं आहे. गावकऱ्यांचं कारण चुकलं असेल, धोरण बरोबर होतं. बोगदा भरला गेला नाही, आत अधूनमधून ढासळत राहिला.

यानंतर कायदा आला, आणि तो आणणारा माणूस थोडं थांबून पाहण्यासारखा आहे. जॉन लबक हा धंद्याने बँकर, संसद-सदस्य आणि डार्विनचा शेजारी. ‘नवाश्मयुग’ आणि ‘पुराश्मयुग’ असे भाग ज्या इंग्रजी शब्दांनी पडतात, ते दोन्ही शब्द त्याने १८६५मध्ये घडवले. ब्रिटनमधली बँक हॉलिडेची सुट्टीही त्याच्याच १८७१च्या कायद्याची. एव्हबरीच्या शिळावर्तुळात घरांसाठी प्लॉट पडू लागले तेव्हा त्याने ती जमीन विकत घेतली, पाठोपाठ सिलबरीही. संसदेत दहाएक वर्षं तो विधेयक रेटत राहिला. माझ्या जमिनीत काय करायचं ते सरकार मला सांगणार का, हा जमीनदारांचा आक्षेप होता. अखेर १८८२मध्ये कायदा झाला, तोही मालकाच्या मर्जीवर चालणारा, दुबळा. पहिले निरीक्षक म्हणून जनरल पिट-रिव्हर्स यांची नेमणूक झाली, आणि १८८४मध्ये लबक त्यांचा जावई झाला. ब्रिटनचं वारसा-संरक्षण काही काळ चक्क घरच्या घरात होतं.

हा कायदा कोणापासून वाचवत होता, ते पाहा. नांगरापासून, दगड फोडणाऱ्यांपासून, प्लॉट पाडणाऱ्यांपासून. अभ्यासकापासून वाचवायचं असतं हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं, आणि शंभर वर्षांनीही फारसं नव्हतं.

म्हणून तिसरी वेळ आली ती पूर्ण परवानगीने. १९६८ ते १९७० या काळात कार्डिफचे प्राध्यापक रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी बीबीसीच्या पैशाने नवा बोगदा काढला. तो बराचसा १८४९च्या बोगद्याच्या वाटेनेच गेला. दूरचित्रवाणीवर प्रेक्षकांना आत नेलं. प्रेक्षक अर्थातच थडग्याची वाट पाहत होते. थडगं निघालं नाही, आणि लोकांच्या लेखी कार्यक्रम फसला.

शास्त्राच्या लेखी तो फसला नव्हता. गाभ्यातल्या गवताच्या ढेपांत पंखवाल्या मुंग्या मिळाल्या. मुंग्यांना पंख फुटतात ते उन्हाळ्याच्या उतरणीला, त्यावरून काम कोणत्या ऋतूत सुरू झालं असावं इथपर्यंत तर्क गेला. साडेचार हजार वर्षांमागच्या एखाद्या कामाचा ऋतू सांगता येणं ही साधी गोष्ट नाही. पण अ‍ॅटकिन्सन यांनी संपूर्ण अहवाल हयातीत प्रसिद्ध केला नाही. तो दुसऱ्या अभ्यासकाने त्यांच्या नोंदी जुळवून १९९७मध्ये पुरा केला. आणि बोगदा? छताला पोलादी कमानी होत्या, त्या तशाच ठेवल्या. भराव अर्धामुर्धा. तोंडाला दार.

या प्रकरणातली खरी चूक माझ्या मते हीच आहे, १७७६ची नव्हे. ड्रॅक्सला माहीत नव्हतं. १९६८मध्ये कायदा होता, परवानगी होती, अभियंते होते, आणि मेरेवेदरचा न भरलेला बोगदा कसा ढासळतो हे त्याच बोगद्यात उभं राहून दिसत होतं.

पोकळी वर कशी चढते

शेतातली विहीर बुजवणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. खणून काढलेली माती परत टाकली की ती सैल बसते. थराथराने टाकून, पाणी मारून, धुम्मस केला तरच ती मूळच्या घट्टपणाच्या जवळ जाते. नुसती लोटली तर वर्षानुवर्षं बसत राहते. सिलबरीत उभी विहीर आणि आडवे बोगदे असे दोन्ही होते, आणि ते मध्याच्या आसपास एकमेकांजवळ येत होते. आडव्या बोगद्याचं छत कोसळलं की पोकळी नाहीशी होत नाही. छताचा माल खाली येतो, पोकळी छताच्या जागी जाते. मग त्यावरचं छत कोसळतं. अशी ती पायरी-पायरीने वर चढते. उभ्या विहिरीत सैल भराव असेल तर त्याचा खालचा आधार सुटत जातो आणि वर फक्त एक झाकण उरतं. पाऊस त्या झाकणातून मुरतो, ओला खडू जड आणि मऊ होतो, आणि एक दिवस झाकण आत जातं.

मे २०००मध्ये गेलं ते हे झाकण.

जबाबदारी इंग्लिश हेरिटेजची, म्हणजे इंग्लंडातल्या प्राचीन वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेची होती. भोकावर आधी आच्छादन घातलं. तरी कडा सुटून पुढच्या काही महिन्यांत ते आणखी रुंदावलं, चौकोनाचा खळगा झाला. मग २००१मध्ये तात्पुरता उपाय म्हणून आत पॉलिस्टायरीनचे मोठे ठोकळे रचले, म्हणजे थर्माकोलच म्हणा, आणि वर खडू पसरला. ऐकायला विचित्र वाटतं, पण विचार पक्का होता. ठोकळे हलके असतात, खालच्या अनिश्चित पोकळीवर भार टाकत नाहीत, कडांना धरून ठेवतात, आणि हवे तेव्हा जसेच्या तसे काढता येतात. परत काढता येईल तेच करावं, हा जतनशास्त्राचा मूळ धडा थर्माकोलने पाळला, १९७०ने पाळला नव्हता.

पुढचं काम होतं आत काय आहे ते न खणता पाहण्याचं. भूकंपलहरींसारख्या कृत्रिम लहरी सोडून आणि निवडक ठिकाणी बोअर घेऊन चाचपणी झाली. उत्तर नको तेच आलं: १९६८च्या बोगद्याच्या वाटेवरही पोकळ्या आहेत.

निर्णय

इथे तीन वाटा होत्या.

काहीच न करणं ही पहिली. टेकडी साडेचार हजार वर्षं उभी आहे, तिला हात लावू नका, असं म्हणणारे असतातच, आणि पुष्कळदा तेच बरोबर असतात. इथे नव्हते. बोगद्यातून हवा गाभ्यापर्यंत पोहोचत होती. आतलं गवत, शेवाळ आणि किडे टिकले होते ते हवा नव्हती म्हणून. टेकडीचा बाहेरचा आकार कदाचित आणखी काही शतकं तगला असता, आतला पुरावा तगला नसता.

दुसरी वाट स्वस्त आणि सुटसुटीत: वरून बोअर मारायचे आणि पातळ सिमेंटी मिश्रण आत ढकलायचं. रस्त्याखालच्या जुन्या खाणी अशाच भरतात. पण असं मिश्रण कुठे वाहत जाईल यावर ताबा नसतो. ते नवाश्मयुगीन थरांत शिरलं असतं, आणि तिथून ते परत निघालं नसतं. शिवाय मऊ खडूच्या टेकडीत कडक सिमेंटचा दांडा उभा केला तर दोघांचं बसणं आणि पाणी मुरणं वेगवेगळं, म्हणजे शंभर वर्षांनी त्या सांध्यावर नवी भेग. पडक्या देवळाच्या चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरून ‘जीर्णोद्धार’ केल्यावर काय होतं, हे पाहण्यासाठी आपल्याला विल्टशायरला जायला नको.

तिसरी वाट म्हणजे जुना बोगदा पुन्हा उघडायचा, आत शिरायचं, कमानी एकेक करून काढत मागे यायचं, आणि येता येता सगळं खडूनेच ठासून भरायचं. महाग, धोक्याची, आणि दिसायला चौथ्यांदा पोखरण्यासारखीच. निवडली ती ही.

निवडायला वर्षं गेली, आणि त्या दिरंगाईवर बरीच टीका झाली. टीकेत तथ्य असेलही. पण तीन वेळा घाईत खणलेल्या टेकडीला चौथ्या वेळी कोणी सावकाश विचार करून हात लावला, याबद्दल मला फार तक्रार करवत नाही.

आत, २००७

२००७च्या उन्हाळ्यात बोगद्याचं दार उघडलं. कंत्राट स्कान्स्का या कंपनीकडे, पुरातत्त्वाचं नेतृत्व जिम लिअरी यांच्याकडे. नवी दिशा खोदायची नव्हती. जुन्या बोगद्यांच्याच भिंती साफ करायच्या, चितारायच्या, नमुने घ्यायचे आणि भरत सुटायचं, अशी आखणी होती. त्या वर्षी इंग्लंडला पावसाने झोडपलं, ठिकठिकाणी पूर आले. टेकडीच्या आतही माल सुटला, काम थांबवावं लागलं. आखलेलं वेळापत्रक कोलमडलं आणि काम पुढच्या वर्षात गेलं.

आणि इथे प्रकरणाला एक वळण आहे. दुरुस्तीसाठी आत गेलेल्या माणसांना जे कळलं ते शोधासाठी गेलेल्या तिन्ही मोहिमांपेक्षा जास्त होतं. अ‍ॅटकिन्सन यांनी टेकडीचे मोजके टप्पे सांगितले होते. लिअरींच्या चमूला बोगद्याच्या भिंतींत कितीतरी अधिक टप्पे वाचता आले. सुरुवात मीटरभरही उंच नसलेल्या खडीच्या ढिगाने. मग त्याच्यावर माती आणि गवताच्या ढेपांचा मोठा ढीग, बाजूला लहान ढीग. मग चर आणि बांध: चर खणला, बुजवला, थोडा बाहेर सरकून पुन्हा खणला, पुन्हा बुजवला. आणि मग खडूचे थर. हे सगळं तीन-चार पिढ्यांत आटोपलेलं.

म्हणजे कोणा राजाने नकाशा काढून बांधून घेतलेलं हे स्मारक नव्हे. आज आपल्याला दिसते तशी टेकडी सुरुवात करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा नव्हतीच. माणसं येत राहिली, आणून टाकत राहिली. टाकणं हेच कार्य असावं आणि उंची हा त्याचा परिणाम, असा लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कल आहे, आणि भिंतीतले थर पाहता तो मला पटतो. खिंडीतल्या म्हसोबापुढे जाता-येता प्रत्येकाने एकेक दगड टाकावा आणि रास वाढत जावी, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात अवघड काही वाटणार नाही. तुलना एवढ्यापुरतीच. दोन्हींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही.

माथ्यावरही थोडं काम झालं. तिथे मोठ्या लाकडी खांबांच्या खुणा निघाल्या, पण त्या मध्ययुगाच्या. सपाट माथ्याचं श्रेय प्राचीनांना देण्याआधी आता थांबावं लागतं. पायथ्याशी रोमन काळातल्या वस्तीच्या खुणाही सर्वेक्षणात मिळाल्या. रोमन रस्ता टेकडीला वळसा घालून जातो, टेकडी रस्त्याआधीची हे जुन्यांनी त्यावरूनच ओळखलं होतं.

२००८च्या मे महिन्यात शेवटचा भराव बसला आणि तोंड कायमचं बंद झालं.

नागपूरजवळची वर्तुळं

हे प्रकरण मराठी वाचकाने का वाचावं, याचं उत्तर नागपूरहून काटोलच्या दिशेने निघालं की मिळतं. जुनापाणीला सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत: मोठ्या धोंड्यांचं कडं आणि आत दगड-मातीचा ढीग, खाली दफन. लोहयुगाच्या बृहत्पाषाण संस्कृतीची ही विदर्भातली मोठी खूण. मेरेवेदर सिलबरीत शिरल्यानंतरच्या काही दशकांत, रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही वर्तुळं उकरली. १८७९च्या लेखात त्याने त्यांना इंग्लंडातल्या दफन-ढिगाऱ्यांचंच नाव लावलं आणि धोंड्यांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची तुलना थेट ब्रिटनमधल्या खुणांशी केली. इथे दफन खरोखरच होतं. माहुरझरीसारख्या शेजारच्या ठिकाणी तर घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिनेही मिळाले. सिल राजाचा घोडा विल्टशायरला नव्हता, विदर्भात होता म्हणायचा.

कायदाही तिकडून इकडे आला, १९०४मध्ये कर्झनच्या काळात. आज १९५८चा कायदा आणि त्याची २०१०ची दुरुस्ती लागू आहे: संरक्षित जागेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी, त्यापुढे २०० मीटर नियंत्रण. बाहेरून येणाऱ्या धोक्यासाठी हे चांगलं कुंपण आहे. सिलबरीला जो धोका झाला तो कुंपणाच्या आत, परवान्याने आला होता. शिळावर्तुळांच्या बाबतीत मोजपट्टी घेऊन बाहेरचे १०० मीटर मोजताना, आतला उकरलेला ढीग कोणी, कशाने, किती घट्ट भरला हेही नोंदवहीत असायला हवं.

खणण्याची रीत मात्र बदलली. सिलबरीपासून काही मैलांवर, मार्लबरोच्या एका शाळेच्या आवारात अशीच १९ मीटर उंच टेकडी आहे. ती नॉर्मन किल्ल्यासाठी रचलेली असा पुष्कळांचा समज होता. सिलबरीनंतर लिअरींनी तिथे बोगदा काढला नाही. माथ्यावरून मनगटाएवढ्या जाडीचे बोअर घेतले, त्यातून आलेल्या कोळशाचं वय काढलं. इ.स.पू. २४००! सिलबरीची धाकटी बहीण, आणि अंगाला फक्त टाचणीएवढी टोचणी.

आता ड्रॅक्सचं काय झालं ते. त्याने विहीर खणताना लिहिलेली पत्रं ब्रिटिश लायब्ररीत पडून होती. ती अभ्यासकांच्या हाती लागली भोक बुजवून झाल्यावर, २०१०च्या सुमारास. त्यात तो लिहितो की टेकडीच्या पोटात त्याला सहा इंच रुंदीची, खाली खोल जाणारी एक अरुंद पोकळी लागली. आत काहीतरी होतं आणि ते नासून गेलं, एवढं त्याच्याही लक्षात आलं होतं. पुरातत्त्वज्ञ म्हणतात, ती उभ्या रोवलेल्या ओकच्या खांबाची जागा असावी, कदाचित साऱ्या टेकडीचा मध्य. त्या पोकळीचा माग काढत ड्रॅक्सची विहीर खाली खाली गेली, आणि २००७मध्ये लिअरींची माणसं मध्याशी पोहोचली तेव्हा तिथे पोकळी नव्हती, विहीर होती.